कालीचरण महाराजांचा तो व्हिडीओ डिलीट करायला हवा होता का? द्वेष, कायदा आणि बोलण्याचा हक्क, वर्ध्यातून समजून घेऊ

१७ ऑक्टोबर १९४०. वर्ध्याजवळ, धाम नदीकाठच्या पवनारमध्ये विनोबा भावे भाषणाला उभे राहिले. विषय होता दुसरं महायुद्ध. भारतीयांना न विचारता इंग्रजांनी देशाला युद्धात ओढलं होतं आणि त्याविरुद्ध बोलायला बंदी होती. चार दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, देवळीत विनोबांना अटक झाली. तीन महिन्यांची शिक्षा झाली.

हा वैयक्तिक सत्याग्रह. गांधीजींनी विनोबांना पहिला सत्याग्रही म्हणून निवडलं होतं. शाळेत आपण हे एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो. पण या आंदोलनाची मागणी काय होती ते आठवतं का? करमाफी नाही, मीठ नाही, लगेच स्वातंत्र्यही नाही. मागणी एवढीच होती की युद्धाविरुद्ध बोलण्याचं स्वातंत्र्य द्या. म्हणजे निव्वळ अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी झालेलं देशातलं सगळ्यात मोठं आंदोलन वर्धा जिल्ह्यात सुरू झालं. पुढच्या काही महिन्यांत देशभरात वीस हजारांहून जास्त लोक यात तुरुंगात गेले.

आता ८१ वर्षं पुढे येऊ.

२६ डिसेंबर २०२१. रायपूरच्या धर्म संसदेत मूळचे अकोल्याचे कालीचरण महाराज यांनी गांधीजींबद्दल अपशब्द वापरले आणि नथुराम गोडसेचं कौतुक केलं. व्हिडीओ काही तासांत देशभर फिरला. जानेवारी २०२२ मध्ये वर्धा पोलिसांनी त्यांना रायपूरहून ताब्यात घेऊन वर्ध्याच्या कोर्टात हजर केलं.

बोलण्याच्या हक्कासाठी ज्या जिल्ह्याने सत्याग्रह केला, त्याच जिल्ह्यात एका बोलण्यावरून अटक झाली. हे योग्य होतं का? आणि अटकेच्या पलीकडचा प्रश्न, जो आज आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर रोज येतो: असा व्हिडीओ फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्रामवरून काढून टाकायला हवा का?

नेमकं प्रकरण काय होतं?

कालीचरण महाराज त्याआधीच सोशल मीडियावर ओळखीचा चेहरा होते. २०२० मध्ये त्यांचा शिवतांडव स्तोत्र म्हणतानाचा व्हिडीओ प्रचंड व्हायरल झाला होता.

रायपूरच्या भाषणात गांधीजींना शिवी होतीच. पण त्याच भाषणात, इस्लामचं उद्दिष्ट राजकारणातून देश ताब्यात घेण्याचं आहे, अशा अर्थाचा दावाही होता. कार्यक्रमाचे संरक्षक महंत रामसुंदर दास यांनी तिथल्या तिथे, त्याच मंचावरून निषेध केला आणि ते निघून गेले.

रायपूर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. नंतर त्यात राजद्रोहाचं १२४ अ हे कलमही लावलं. ३० डिसेंबरला मध्य प्रदेशात खजुराहोजवळ त्यांना अटक झाली. त्याच महिन्यातल्या पुण्याच्या एका भाषणावरून पुण्यातही गुन्हा होता. मग पुणे, वर्धा, ठाणे अशी कोर्टवारी झाली. १ एप्रिल २०२२ रोजी छत्तीसगड हायकोर्टाने जामीन दिला.

यातल्या दोन गोष्टी बाजूला काढून ठेवा, पुढे लागतील. पहिली, गुन्हा नोंदवल्यावर त्यांनी आणखी एक व्हिडीओ काढून आपल्याला पश्चात्ताप नाही असं सांगितलं. दुसरी, सुटकेनंतर त्यांची मागणी घटली नाही. राज्यातल्या मोर्चांमध्ये आणि सभांमध्ये ते दिसत राहिले.

कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या कलम १९(१)(अ) मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. १९(२) मध्ये त्यावरची बंधनं आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. बंधन ‘वाजवी’ असलं पाहिजे, अशी अटही तिथेच आहे.

गंमत म्हणजे ‘हेट स्पीच’ या शब्दाची व्याख्या आपल्या फौजदारी कायद्यात नाही. विधी आयोगाने मार्च २०१७ मध्ये २६७व्या अहवालात यासाठी नवी कलमं सुचवली होती. पण पोलीस आजही वापरतात ती जुनीच कलमं, फक्त नवीन क्रमांकांची. समाजासमाजांत शत्रुत्व वाढवणं म्हणजे आधीचं १५३ अ, आता भारतीय न्याय संहितेचं १९६. धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं म्हणजे आधीचं २९५ अ, आता २९९. राजद्रोहाचं १२४ अ सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२२ ला स्थगित ठेवलं. म्हणजे कालीचरण यांना जामीन मिळाल्यानंतर सव्वा महिन्याने.

हे १२४ अ तेच कलम आहे ज्याखाली १९२२ मध्ये खुद्द गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली होती. गांधीजींचा अपमान केला म्हणून गांधीजींनाच तुरुंगात टाकणारं कलम लावलं गेलं, आणि त्या वेळी अनेकांना त्यात काही खटकलं नाही.

मग बोलणं नेमकं कुठे गुन्हा होतं?

याचं एक चांगलं उत्तर आपल्या विदर्भातून आलं आहे. १९४६ मध्ये, मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काळात, नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी भगवती चरण शुक्ला खटल्यात एक कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम कसा मोजायचा? तर विचारी, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने. प्रत्येक विरोधी मतात धोका बघणाऱ्या, डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेने नाही.

ही कसोटी आजही जिवंत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर कलम ३७० हटवल्याच्या दिवसाला ‘काळा दिवस’ म्हटलं होतं. १५३ अ खाली गुन्हा झाला. मुंबई हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि त्यासाठी याच नागपूरच्या निकालाचा आधार घेतला. २८ मार्च २०२५ ला खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करतानाही कोर्टाने हीच कसोटी वापरली. शिवाय अशा प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करा, असंही पोलिसांना सुचवलं.

दुसरीकडे याच सुप्रीम कोर्टाने २१ ऑक्टोबर २०२२ ला दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडला सांगितलं होतं की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा नोंदवा. २८ एप्रिल २०२३ ला हा आदेश सगळ्या राज्यांना लागू झाला.

हे दोन आदेश परस्परविरोधी वाटतात, पण तसं नाही. एका बाजूला लोकांविरुद्ध चिथावणी आहे, दुसऱ्या बाजूला सरकारविरुद्ध किंवा एखाद्या विचाराविरुद्ध मत आहे. कोर्टाचं म्हणणं आहे की पहिल्याबाबत झोपू नका आणि दुसऱ्याबाबत उगाच जागे होऊ नका. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात उलटं घडतं, ही खरी अडचण आहे.

पोस्ट कोण काढतं? कसं काढतं?

इथे खूप गोंधळ असतो, म्हणून तीन रस्ते वेगळे करू.

१. प्लॅटफॉर्म स्वतः काढतो. फेसबुक, यूट्यूब, एक्स यांचे आपापले नियम आहेत. तुम्ही ‘रिपोर्ट’ करता तेव्हा कंपनी हे नियम बघते, भारतीय न्याय संहिता नाही.

२. सरकार कलम ६९ अ खाली ब्लॉक करतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं हे कलम. कारणं ठरावीक आहेत आणि समितीची प्रक्रिया आहे. पण २००९ च्या नियमांनुसार ही कार्यवाही गोपनीय राहते. पोस्ट का गेली हे लिहिणाऱ्याला अनेकदा कळतच नाही.

३. कलम ७९(३)(ब) खाली नोटीस. प्लॅटफॉर्मवर लोक काय टाकतात याची जबाबदारी कंपनीवर येत नाही, हे संरक्षण कलम ७९ देतं. सरकारने कळवल्यावरही बेकायदा मजकूर ठेवला तर ते संरक्षण जातं. म्हणजे नोटीस आली की कंपनीपुढे दोन पर्याय: पोस्ट काढा, नाहीतर कोर्टकचेरीला तयार राहा. बहुतेक वेळा कंपनी काय निवडेल, हे सांगायला नको.

तिसरा रस्ता आपण अगदी जवळून पाहिला. १७ मार्च २०२५ ला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून आंदोलन झालं, धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि शहर पेटलं. त्यानंतर महाराष्ट्र सायबर विभागाने १४० हून अधिक आक्षेपार्ह पोस्ट आणि व्हिडीओ शोधले आणि ७९(३)(ब) खाली प्लॅटफॉर्मना ते काढायच्या नोटिसा दिल्या. अकाउंट चालवणारे कोण आहेत, ही माहितीही मागितली.

त्या रात्री त्या पोस्ट फिरत राहिल्या असत्या तर? घरं, गाड्या, जीव. प्रश्न इतका साधा आणि गंभीर होता. पण त्या १४० मध्ये खरी चिथावणी किती आणि फक्त संताप किती, हे बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही. नोटिसा जाहीर होत नाहीत.

अशा नोटिसांसाठी केंद्राने ‘सहयोग’ नावाचं पोर्टल उभारलं. ‘एक्स’ कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली. २४ सप्टेंबर २०२५ ला कोर्टाने तिची याचिका फेटाळली. त्यानंतर केंद्राने नियम बदलले. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने, किंवा पोलिसांत विशेष अधिकार दिलेल्या किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यायची. कायद्याचा आधार आणि कारण लिहायचं. आणि दर महिन्याला सचिव पातळीवर त्याचा आढावा घ्यायचा. ही सुधारणा चांगली आहे. पण आढावा घेणारंही सरकारच आहे. ज्याची पोस्ट गेली त्याला त्यात जागा नाही.

‘आपल्या बाजूची’ पोस्ट गेली तर?

अतिरेकी विचारांवर बंदी घाला, हे म्हणणं सोपं आहे. अडचण एवढीच की अतिरेकी कोण, हे ठरवणारा कायम तुमच्याच मताचा नसतो.

पालघरची आठवण अनेकांना असेल. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद. पालघरच्या एका तरुणीने त्यावर फेसबुक पोस्ट लिहिली, तिच्या मैत्रिणीने ती लाईक केली. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ होतं. हे कलम ‘त्रासदायक’ मजकुरालाही गुन्हा मानत होतं. त्यातून श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ६६ अ पूर्ण रद्द केलं.

आणि वर्ध्याचंच घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात काही विद्यार्थ्यांनी मॉब लिंचिंगसारख्या प्रश्नांवर पंतप्रधानांना पत्रं लिहिण्याचा कार्यक्रम ठेवला. विधानसभा निवडणुकीचा काळ होता. आचारसंहितेचं कारण देऊन सहा विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढलं गेलं. देशभर टीका झाली आणि काही दिवसांत आदेश मागे घेतला गेला.

पत्र लिहिणारे विद्यार्थी आणि गांधीजींना शिवी देणारा वक्ता यांना एका तराजूत तोलायचं नाही. मुद्दा वेगळा आहे. ‘वातावरण बिघडेल’ हे कारण दोघांनाही लावता येतं. हे कारण जितकं सैल ठेवाल, तितकं ते आधी कुणावर पडेल? ज्याच्या मागे गर्दी आहे त्याच्यावर नाही. ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्यावर.

मग सगळंच राहू द्यायचं का?

नाही. कारण शब्दांनी माणसं मरतात, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण गावात आले होते. बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षा मागून पोट भरणारे. जमावाने पाचही जणांना ठार मारलं. तो मेसेज कुठल्या विचारधारेचा नव्हता. पण ‘ते आपल्या लेकरांच्या मुळावर उठलेत’ हा त्याचा साचा आणि द्वेषाच्या पोस्टचा साचा एकच आहे.

जगातही हेच दिसलं. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष फेसबुकवरून पसरला आणि तो रोखायला आपण पुरेसं केलं नाही, हे कंपनीने २०१८ मध्ये कबूल केलं. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये हल्लेखोराने मशिदीतला गोळीबार फेसबुकवर लाइव्ह दाखवला. पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडीओच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. डिलीटचं बटण किती उशिरा चालतं आणि किती अपुरं पडतं, हे यातून कळतं.

भाषेचा प्रश्नही आहे. २०२१ मध्ये फेसबुकची जी अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली त्यात दिसलं की हिंदी आणि बंगाली मजकूर पकडणारी यंत्रणा अपुरी असल्याने बरंच काही तपासलंच जात नव्हतं. वऱ्हाडीतला टोमणा, मीममधला इशारा, नाव न घेता केलेला उल्लेख मशीनला कितपत कळणार? परिणाम दुहेरी होतो. शिवी असलेली साधी मस्करी उडते आणि शुद्ध मराठीतलं विष तसंच राहतं.

डिलीट आणि मोकाट यांच्यामध्ये काही आहे का?

आहे, आणि त्याची सुरुवात राईनपाड्याच्या महिन्यातच झाली. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटनाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये ‘अनेकदा फॉरवर्ड झालेला’ मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं सांगितलं. यात कुणाचं तोंड बंद झालं नाही. कुणी काय लिहिलं ते कंपनीने वाचलंही नाही. फक्त वेग कमी झाला.

बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण आपलं बोलणं लाखो अनोळखी लोकांच्या फीडमध्ये ढकललं जावं, असा हक्क संविधानाने कुणाला दिलेला नाही. तो निर्णय प्लॅटफॉर्मचा अल्गोरिदम घेतो, कारण संतापावर लोक जास्त वेळ थांबतात. म्हणून ‘पोस्ट ठेवायची की काढायची’ इतकाच वाद अपुरा आहे. ती कोण पुढे ढकलतंय आणि त्यातून कोण कमावतंय, हेही विचारायला हवं.

तर मग त्या व्हिडीओचं काय?

माझं उत्तर दोन भागांत आहे.

गांधीजींना दिलेली शिवी किळसवाणी होती. पण तेवढ्यासाठी अटक नको होती, राजद्रोह तर मुळीच नको होता. ऐकणाऱ्याला दुखावणारं बोलणंही स्वातंत्र्यात येतं, ही भूमिका खुद्द गांधीजींनी १९२२ मध्ये ‘यंग इंडिया’त मांडली होती. गांधीजी आज नाहीत. शिवीने त्यांच्या अंगावर कुणी धावून जाणार नाही. त्याला खरं उत्तर महंत रामसुंदर दास यांनी दिलं होतं, त्याच मंचावर, पोलिसांशिवाय.

भाषणाचा दुसरा भाग, आज जिवंत असलेल्या, शेजारी राहणाऱ्या समाजाबद्दलचा, जास्त गंभीर होता. तपासायचं ते इथे. कुणाविरुद्ध? कुणापुढे? काय करायला सांगितलं? त्या वेळी तिथे तणाव होता का? बोलणाऱ्याच्या शब्दावर लोक चालतात का? या प्रश्नांची उत्तरं ‘हो’कडे झुकली तर गुन्हा नोंदवा, व्हिडीओ थांबवा, कारण जाहीर करा. ‘नाही’ असतील तर राहू द्या आणि उत्तर द्या.

प्रत्यक्षात झालं उलटं. चर्चा शिवीवर झाली, दुसरा भाग मागे पडला. निषेध करणाऱ्यांनीही तीच क्लिप शेअर केली. आणि सुटून आलेला वक्ता आधीपेक्षा मोठा झाला.

तुम्ही काय करू शकता?

चिथावणीची पोस्ट दिसली तर ती फॉरवर्ड करून ‘बघा किती वाईट’ लिहू नका. लिंक, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा, गंभीर असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

तुमची पोस्ट उडाली तर आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी कारण मागा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही. ही समिती २०२३ पासून आहे, पण अनेकांना माहीतच नाही.

आणि एक गोष्ट पवनारहून घेण्यासारखी आहे. वैयक्तिक सत्याग्रहात एका वेळी एकच माणूस बोलायचा. कुठे, कधी बोलणार हे तो सरकारला आधी कळवायचा, स्वतःच्या नावाने बोलायचा आणि शिक्षा भोगायचा. गर्दी जमवून हिंसा होऊ नये म्हणूनच गांधीजींनी ही पद्धत निवडली होती. सरकारने मात्र या सत्याग्रहाच्या बातम्या आधी दाखवल्याशिवाय छापू नका, असं बजावलं. तेव्हा परवानगी मागण्यापेक्षा गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकं बंद ठेवली.

आज ग्रुपवर येणाऱ्या फॉरवर्डला नाव नसतं आणि तो काढायला लावणाऱ्या नोटिशीवरचं नावही आपल्याला दिसत नाही. पुढचा दंगा किंवा पुढची निवडणूक येईल तेव्हा दोन्ही बाजूंना निदान एवढं विचारू या: हे कोण बोललं, आणि हे कुणी काढलं?